पांढुर्ण्याची शिडी, जपानची संत्री

जपानहून परत आल्यापासून जो भेटतो तो आधी एकच विचारतो, "फुजी पाहिला का?" दूधवाल्यानं विचारलं, बँकेतल्या बाईंनी विचारलं, सौसरच्या नणंदेनं तर फोन उचलताच विचारलं. नाही पाहिला. आमच्या बसमधल्या सव्वीस जणांपैकी चोवीस जणांनी पाहिला, फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले. उरलेले दोघं म्हणजे आम्ही. त्या वेळी आम्ही कुठं होतो हे सांगायला बसले की चहा गार होतो, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

माझं माहेर सावरगाव आणि सासर पांढुर्णा. मध्ये फक्त जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे चालतात, बाकी वर्षभर आम्ही एकमेकांचे सोयरे. तीस वर्षं मी मराठी शाळेत मास्तरीण होते. आमचे हे संत्र्याचे बागायतदार. गावाबाहेर चारशे झाडांचा बगीचा आहे, आणि ह्यांचा जीव तिथंच असतो, घरी फक्त जेवायला येतो.

गेल्या मृग बहाराच्या तोडीच्या वेळी हे शिडीवरून पडले. तोडणारी माणसं झाडाखाली जेवायला बसली होती. शेंड्याला चार संत्री राहिलेली ह्यांना दिसली, आणि माणसं जेवून उठेपर्यंत ह्यांना धीर निघाला नाही. डबा घेऊन मी बांधावर पोचले तेव्हा हे खाली पडलेले होते. मांडीचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, आत सळी बसली, आणि माझा जीव जो टांगणीला लागला तो लागलाच. हे बगीच्यात गेले आणि अर्ध्या तासात फोन आला नाही की हातातली पोळी तव्यावर जळायची.

निखिल, आमचा मुलगा, पुण्याला असतो. जपानची सहल त्यानंच आम्हा दोघांच्या नावानं काढली. ह्यांना तो म्हणाला, "बाबा, पाय बरा झाला, जरा फिरून या." मला मात्र वेगळं बोलला. "आई, बगीचा घ्यायला माणूस तयार आहे. तुम्ही दोघं पुण्याला या. बाबांशी मी बोललो की ते चिडतात. फिरताना त्यांचं मन मोकळं असंन, तेव्हा तू सांगजो. तुझा होकार आहे ना?" मी हो म्हटलं. ह्यांना न विचारता, ह्यांच्या चारशे झाडांना मी हो म्हणून बसले. माझ्या पेटीत जवसाची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि खारोड्या होत्या, आणि ह्या सगळ्याहून जड तो होकार होता.

टोकियो

आमची टूर लीडर मानसी. वय तिशीच्या आत, हातात छोटा भगवा झेंडा, आणि सगळ्यांना काका-काकू म्हणायची. पहिल्याच दिवशी तिला कळलं की आमच्या काकांना कुठल्याही यंत्राच्या चौकटीतून नेलं की यंत्र किंचाळतं. मांडीतली सळी! प्रत्येक ठिकाणी हे थांबायचे, मांडीवर हात मारायचे, खिशातून डॉक्टरांचा कागद काढायचे. जपानी शिपाई कागद दोन्ही हातांनी घ्यायचा, कमरेत वाकायचा, मग हेही वाकायचे, मग तो पुन्हा वाकायचा. मागे आमची अख्खी रांग खोळंबलेली.

टोकियोत उंच इमारती आहेत, त्या तुम्ही टीव्हीवर पाहिल्याच असतील. आमच्या ह्यांनी त्या पाहिल्या नाहीत, कारण ते खाली पाहत होते. एका देवळासमोरच्या फुलांच्या वाफ्यात त्यांनी बोटं खुपसली आणि चिमूटभर माती तळहातावर चोळली.

"अहो, काय करून राहिले? लोकं पाहून राहिले!"

"माती काळी हाय, पण हलकी हाय," ते म्हणाले. "आपल्यासारखी चिकटत नाई हाताले."

बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर पुण्याच्या लेलेबाई होत्या. स्वभावानं चांगल्या, पण चौकस. आम्ही पांढुर्ण्याचे कळल्यावर त्या मागे वळल्या. "म्हणजे मध्य प्रदेश? मग तुम्ही मराठी कसं काय बोलता हो?"

"तुम्ही पुण्यात बोलता तसंच, तोंडानं," मी म्हटलं. त्यावर त्या इतक्या मोकळेपणानं हसल्या की मलाच लाज वाटली. त्या दिवसापासून आमची जवसाची चटणी त्यांच्या थाळीत आणि त्यांची लिंबाची फोड माझ्या थाळीत. जपानी जेवण मी मनापासून चाखून पाहिलं. भात उत्तम, आपल्या आसट भातासारखा मऊ. भाजीला फोडणी द्यायचं मात्र त्यांच्या लक्षातच आलं नसावं असं वाटत राहतं.

एका मोठ्या दुकानाच्या तळघरात फळं मांडली होती. एकेक संत्रं दागिन्यासारखं ठेवलेलं. हे तिथं पाऊण तास उभे. शेवटी दुकानातली मुलगी येऊन काही हवंय का असं खुणेनं विचारू लागली. हे तिला आपल्या मराठीत म्हणाले, "काई नाई बाई, घरचेच संत्रे पाहून राहिलो."

रोज संध्याकाळी निखिलचा व्हिडिओ कॉल यायचा. ह्यांच्याशी बोलून झालं की तो हळूच विचारायचा, "आई, बोलली का?" पहिल्या दिवशी मी म्हटलं, बाबा थकले आहेत. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आवाज तुटतो आहे. आवाज अगदी स्वच्छ येत होता. मला भीती वाटत होती, एवढंच. ह्यांच्या रागाची नव्हे, हे एकदम गप्प होतात त्याची.

हाकोने

हाकोने डोंगरात आहे. हवा थंड, झाडं लाल-पिवळी, आणि जमिनीतून गरम पाणी येतं. हॉटेलात त्या पाण्याचं मोठं टाकं होतं, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. मानसीनं बायकांना बाजूला घेऊन सांगितलं की आत अंगावर काहीही घालायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. मी नदीवर लुगड्यासकट आंघोळ करणाऱ्या बायकांतली. मी म्हटलं, मला सर्दी आहे. लेलेबाईंनी माझा हात धरला. "चला हो, इथं आपल्याला ओळखतंय कोण?" गेले. धुक्यासारखी वाफ होती, सत्तरीच्या जपानी बायका गळ्यापर्यंत पाण्यात डोळे मिटून बसल्या होत्या आणि कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. दहा मिनिटांनी माझे गुडघे असे हलके झाले की बाहेर निघायचं नावच काढेना मी. हे मात्र हॉटेलनं दिलेला नाडीचा झगा घालून खोलीतच बसून राहिले. पुरुषांच्या टाक्यात शिरायची हिंमत झाली नाही, हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तारेवरच्या पाळण्यातून वर जाऊन फुजी पाहायचा होता. वारा सुटला म्हणून पाळणे बंद. फुजीसुद्धा ढगात. मानसीचा चेहरा उतरला. मग बस डोंगर उतरून समुद्राच्या बाजूला एका थांब्यावर नेली. खाली निळा समुद्र, समोर चहाची दुकानं. मानसी म्हणाली, "दीड तास मोकळा आहे, पण बरोबर बाराला बसमध्ये. जपानात उशीर चालत नाही."

सगळे दुकानांकडं गेले. आमच्या ह्यांनी हवेत नाक वर केलं आणि उलट्या दिशेनं चढावर चालू लागले. मी मागे. वळण ओलांडलं आणि समोर डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला, प्रत्येक पायरीला दगडी बांध, आणि बांधावर संत्री. बुटकी बुटकी झाडं, पण फळ इतकं की फांद्या जमिनीला टेकलेल्या. एक फांदी रस्त्यावर आली होती.

आता इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. कुणाच्या बगीच्यावरून जाताना वाटसरूनं एखादं संत्रं तोडून खाल्लं तर मालक रागावत नाही. उलट खाऊन काही न बोलता पुढं गेलात तर त्याला वाईट वाटतं. तोडायचं, खायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं, "गोड हाय बावा!" मग मालक कुठूनतरी ओ देतो. पोतं भरू लागलात तर मात्र काठी घेऊन येतो. ह्यांनी साठ वर्षं हेच केलेलं. त्यांनी हात वर केला, फळ पिरगाळून तोडलं, सोललं, अर्धं मला दिलं, आणि परक्या मुलखात, परक्या डोंगरावर मोठ्यानं ओरडले, "गोड हाय हो!"

झाडांतून एक म्हातारी बाहेर आली. पाठीत वाकलेली, डोक्याला रुमाल बांधलेला, कमरेला छोटी कातर लटकत असलेली. मी हात जोडले, वाकले, पुन्हा वाकले. डोळ्यासमोर पोलीस दिसू लागले.

म्हातारीनं संत्रं खाल्लं म्हणून तोंड वाकडं केलं नाही. तिनं फांदीवर राहिलेलं देठाचं बटण पाहिलं, ह्यांच्या हातातल्या सालीवरचं भोक पाहिलं आणि जीभ टाळूला लावून च्-च् केलं. शाळेत मी चुकलेल्या मुलाच्या वहीकडं पाहून करायचे, अगदी तसंच. मग तिनं दुसरं फळ धरलं. आधी थोडी काडी राखून कापलं. मग फळ हातात फिरवून ती काडी बुडापासून सपाट कापली. आणि ते संत्रं तिनं स्वतःच्या गालावर घासून दाखवलं. मग माझ्या गालावर. गुळगुळीत होतं.

"निखिलच्या माय, पाह्यलं का?" ह्यांचा आवाज बदलला होता. "दोन डाव कापते. म्हणून पेटीत एक दुसऱ्याले टोचत नाई. आपली अर्धी पेटी टोचूनच तर सडते!"

म्हातारीनं कातर ह्यांच्या हातात दिली. मग बांधावरून दुसरी आणून माझ्या हातात दिली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण आमच्या बगीच्यात मी डबा घेऊनच जात आले. संत्रं तोडायला कधी गेले नाही. आमची झाडं उंच, आणि शिडीवर बाईमाणूस चढत नाही असा आमच्याकडचा शिरस्ता. इथं शिडीच नव्हती. मी हात वर केला की शेंड्याचं फळ हातात येत होतं. एक डाव, दुसरा डाव, गालाला लावून पाहायचं, टोपलीत. किती वेळ गेला ते कळलं नाही. मला इतका आनंद झाला होता की मी गुणगुणत होते म्हणे, हे नंतर ह्यांनी सांगितलं.

निखिलनं फोनमध्ये बोलकं यंत्र घालून दिलं होतं. आपण हिंदीत बोलायचं, ते जपानीत बोलतं, आणि तिकडचं बोलणं हिंदीत सांगतं. ह्यांनी फोन तोंडाशी धरून विचारलं, पेड़ इतने छोटे क्यों?

म्हातारी फोनला वाकून नमस्कार करून बराच वेळ बोलली. मग फोनमधली बाई म्हणाली, "पहले पेड़ बड़े थे। मैं सीढ़ी से गिर गई। बेटे ने कहा, सब छोड़ दो। मैंने ऊपर के खेत छोड़ दिए। नीचे के पेड़ काटकर छोटे कर दिए। जहाँ तक मेरा हाथ जाता है, उतना मेरा है।"

वर पाहिलं तर खरंच, वरच्या पायऱ्यांवर रान माजलं होतं आणि वेलींतून कुठं कुठं एखादं संत्रं दिसत होतं. म्हातारीनं ह्यांच्या लंगडणाऱ्या पायाकडं बोट केलं आणि शिडी चढल्याची खूण केली. ह्यांनी मान हलवली. ती हसली. स्वतःच्या कमरेवर थाप मारून तिनंही तीच खूण केली.

"और सीढ़ी?" ह्यांनी फोनला विचारलं.

"जला दी," फोनमधली बाई म्हणाली. "नहाने का पानी गरम किया।"

तेवढ्यात मानसीचा फोन आला. सव्वाबारा वाजले होते! म्हातारीनं पिशवीभर संत्री हातात कोंबली. हे सळीच्या पायानं आणि मी साडी आवळून उतारावरून जवळजवळ धावत निघालो. बसमध्ये सगळी माणसं हरखलेली. ढग बाजूला झाले होते, दहा मिनिटं फुजी अख्खा दिसला होता, पांढऱ्या टोपीसकट, आणि आता पुन्हा झाकला होता. लेलेबाई हळहळल्या, "अहो, होतात कुठं तुम्ही?" मानसी रागावली नाही, पण तिनं घड्याळाकडं पाहिलं, ते रागावण्याहून वाईट होतं. ह्यांनी पिशवी उघडून बसभर एकेक संत्रं वाटलं. बसमध्ये सालीचा वास भरला आणि हळूहळू सगळ्यांनी आम्हाला माफ केलं.

क्योतो

क्योतोतल्या एका देवळाच्या बागेत माळी पाइनच्या झाडावर चढला होता. तीन पायांची उंच शिडी, आणि तो हातानं एकेक जुनी काडी खुडत होता. हे मान वर करून बघत उभे राहिले. मी त्यांची बाही धरली आणि तिथंच, काही ठरवलेलं नसताना, माझ्या तोंडून निघालं.

"निखिलला बगीच्यासाठी माणूस भेटला आहे. मी हो म्हणून बसले."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मले न इचारता?"

"तुम्ही चार संत्र्यांसाठी वर चढले, ते मला विचारून चढले होते का?" माझा आवाज चढला. जपानी माणसं वळून पाहू लागली, पाहू देत. "तुम्ही खाली पडलेले. डोळे उघडे, आवाज नाही. लग्नात नाव घेतलं त्यानंतर मी कधी तुमचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी बांधावर उभी राहून ओरडत होते. रामकृष्ण, रामकृष्ण! तुम्ही ओ देत नव्हते. मला पुन्हा तसं उभं राहायचं नाही. झाडं गेली तर गेली."

हे गप्प झाले. जेवताना गप्प, बांबूच्या बनात गप्प, रात्री खोलीत पाठ करून झोपले. दुसरा पूर्ण दिवस मी लेलेबाईंबरोबर फिरले. क्योतो फार सुंदर आहे म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही, ह्यांची दहा पावलं पुढं चाललेली पाठ तेवढी आठवते. निखिलला मी सांगून टाकलं की बोलले. "काय म्हणाले बाबा?" काय सांगणार!

परतीच्या विमानतळावर चौकटीत यंत्र किंचाळलं. कागद दाखवून, वाकून, हे माझ्या शेजारी येऊन बसले. पट्टा कमरेला घालता घालता, खाली बघूनच म्हणाले, "ऐकू आलं होतं मले."

"काय?"

"नाव. त्या दिवशी. सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं."

मला रडू आलं. त्यांनी खिशातून शेवटचं जपानी संत्रं काढलं, सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. बगीच्याबद्दल मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

पांढुर्णा

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर हे अंथरुणात नव्हते. चपला नव्हत्या, गाडी नव्हती. फोन केला, लागला नाही. पुन्हा केला. मग मी अंगावरच्या गाऊनवर शाल घेतली, शेजारच्या ऑटोवाल्याला उठवलं आणि देवाचं नाव घेत बगीच्यात पोचले.

व्यापाऱ्याची तोड होऊन गेली होती, झाडं मोकळी होती. विहिरीजवळ हे दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभे होते. मी आधी ते पाय पाहिले. मग पाहिलं की हातात करवत आहे, आणि झाडाखाली कापल्या जागी लावायच्या बोर्डो पेस्टचं डबडं आणि गेरूचं ढेकूळ.

"शिडी कुठं आहे?" मी विचारलं.

त्यांनी झोपडीकडं बोट दाखवलं. झोपडीच्या भिंतीला शिडीचे हातभर तुकडे रचून ठेवले होते. "बंबात घालजो. आज पाणी तिच्यावरच तापवू."

मी मटकन विहिरीच्या काठावर बसले. ते म्हणाले, "इहिरीच्या वरचा सगळा बगीचा देऊन टाक म्हनाव निखिलले. तूच हो म्हटलं, आता तूच सांग. इहिरीजवळची साठ झाडं मी देत नाई. छाटून बुटकी करतो. दोन वर्षं फळ येनार नाई. न येवो. थांबू."

"आणि पुणं?"

"जाऊ ना उन्हाळ्यात. तिथं काय संत्रे मिळत नाई काय!"

मग त्यांनी गेरू उचलला. "इकडं ये. झाडाले टेकून उभी राह्य. हात वर कर."

मी उभी राहिले. पाच फुटाला दोन बोटं कमी असलेली मी, गाऊन आणि शालीत, भल्या सकाळी झाडाला टेकून हात वर करून. माझ्या बोटांच्या टोकाशी त्यांनी फांदीवर गेरूची रेघ ओढली.

"अहो, तुम्ही उंच आहात," मी म्हटलं. "माप तुमच्या हाताचं घ्या ना. एवढी कशाला कापता?"

त्यांनी दुसऱ्या फांदीवर रेघ ओढली आणि मला पुढच्या झाडापाशी चल म्हणून खुणावलं.

"माह्या हाताचं घेतलं," ते म्हणाले, "तर तुले शिडी लागंन."